येणेबाकीची साडेतीन मिनिटं – प्रकल्प नोंदी

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

नवीन काम. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, टॉवेल आणि चादरी दोन्ही, दुकान चाटी गल्लीत. थंडी पडली की चादरीला उठाव असतो त्यामुळे सगळे घाईत आणि माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नाही. तक्रार एकच, येणेबाकीचा, म्हणजे कुणाकडून किती पैसे यायचेत याचा, रिपोर्ट. दिवाणजींनी बटण दाबून दाखवलं, मी मोबाईलवर वेळ लावली, तीन मिनिटं बत्तीस सेकंद. "एक चहा होतो यात," ते म्हणाले, "शेजारी कुणी बिल करत बसलं असलं की दोन."

मालकांचं म्हणणं, फास्ट करून द्या. दिवाणजींचं म्हणणं वेगळं. त्यांनी ड्रॉवरमधून लाल वही काढली आणि म्हणाले फास्टचं राहू द्या हो, आधी बरोबर येतंय का ते बघा, माझा आकडा आणि ह्याचा आकडा कधीच जुळत नाही. मी हसून वहीकडे बघितलं आणि कामाच्या यादीत दुसऱ्या नंबरला टाकलं. (हे चुकलं, पुढे कळलं.)

सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेत लिहिलेलं, दहाएक वर्षांपूर्वीचं, लिहिणारा पुण्याला गेला, आपल्याकडचे सगळे जातात तसा. कागद काही नाही. डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ होता, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी ८.० वर नेला. तेव्हापासून अजून दोन-तीन गोष्टी बिघडल्यात असं अण्णा, म्हणजे डिस्पॅच बघणारे, सांगत होते.

आज फक्त बॅकअप. घरी आणून लॅपटॉपवर रिस्टोर करून बघितला तेव्हाच झोपलो. रिस्टोर करून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे मी एकदा भोगलंय.

६ डिसेंबर, शुक्रवार

स्लो क्वेरी लॉग चालू केला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या ज्या क्वेरीला (प्रश्नाला) वेळ लागतो तिची नोंद. तो मुळात बंद असतो आणि चालू केला तरी १० सेकंदांच्या वरचंच पकडतो, म्हणून आधी १ सेकंद ठेवला. अपेक्षेप्रमाणे येणेबाकी सापडली. मग गंमत म्हणून तासभर शून्यावर ठेवला, म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये, आणि लॉगचा गोषवारा काढणाऱ्या डम्प-स्लोने बेरीज काढली तर एकूण वेळेत पहिला नंबर येणेबाकीचा नाहीच! पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव शोधायची क्वेरी, एकेकदा पाव सेकंद पण तासात शेकडो वेळा. बिल करताना नावाचं प्रत्येक अक्षर टाईप केलं की ती सुटते, आणि नावासमोर बाकी दाखवायची हौस म्हणून प्रत्येक अक्षराला जुळणाऱ्या प्रत्येक पार्टीची बाकी काढत बसते. "शेजारी कुणी बिल करत बसलं की दोन चहा" याचा उलगडा झाला.

दुरुस्ती सोपी: तीन अक्षरं झाल्यावरच शोध, आणि बाकी फक्त पार्टी निवडल्यावर. नाव शोधणाऱ्या लाईकमध्ये दोन्ही बाजूला टक्क्याची खूण (इथे काहीही चालेल) आहे, सुरुवातीलाच टक्का असला की साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) उपयोगी पडत नाही हे खरं, पण पार्ट्या आहेतच अठराशे, तिथे डोकं लावायची गरज नाही. तसंच ठेवलं.

१० डिसेंबर, मंगळवार

येणेबाकीला हात घातला. एक्सप्लेन चालवलं (डेटाबेस क्वेरी कशी सोडवणार ते तो दाखवतो) आणि फसलो. मला वाटलेलं टाईपच्या रकान्यात 'ऑल' येईल, म्हणजे अख्खं टेबल वाचतोय, एक इंडेक्स टाकला की काम झालं, रात्री घरी. पण तिथे 'रेफ' आला आणि इंडेक्सचं नावही आलं. वर्ष आणि बिल नंबर असा जोड-इंडेक्स आहे आणि तो वापरला जातोय. मग अडतंय कुठे? दोन तास इकडेतिकडे बघण्यात गेले, बफर पूल (डेटा ठेवायला डेटाबेसला दिलेली मेमरी) बघितला, ८ जीबी रॅमच्या मशीनवर तो १२८ एमबीच होता, कुणी डिफॉल्ट बदललाच नव्हता. २ जीबी केला. फरक पडला तो दहा-बारा सेकंदांचा.

मग एक्सप्लेनमधल्या की-लेंथकडे, म्हणजे इंडेक्सचे किती बाईट वापरले त्या आकड्याकडे, लक्ष गेलं. २. फक्त २. वर्षाचा रकाना स्मॉलइंट (लहान पूर्णांक), त्याचे दोन बाईट. बिल नंबर वारचार २०, म्हणजे वीस अक्षरांपर्यंत मजकूर, जुना यूटीएफ-८ म्हणजे अक्षराला तीन बाईट धरून ६० आणि लांबीचे दोन, वर्षाच्या दोनांसकट मिळून ६४ यायला पाहिजे होती. म्हणजे इंडेक्सचा पहिला अर्धाच वापरात. एकेका जमा पावतीसाठी त्या वर्षाची झाडून सगळी नऊ हजार बिलं तपासली जातायत. वाड्याचा पत्ता माहीत असून पेठेतलं प्रत्येक दार वाजवत जायचं, तसं.

कारण? बिलाच्या टेबलात बिल नंबर अक्षरी, जमा पावत्यांच्या टेबलात आकडी. अक्षरी रकान्याची आकड्याशी तुलना केली की मायएसक्यूएल दोन्ही बाजू आकड्यात बदलून बघतो आणि मग अक्षरी इंडेक्सचा तेवढा भाग निकामी. एक्सप्लेन बघताना इंडेक्सचं नाव दिसलं की आपण पुढे सरकतो, की-लेंथ बघतच नाही. स्वतःसाठी लिहून ठेवतो.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री अंथरुणात डोक्यात आलं की आकड्यात बदलणं म्हणजे '४१२/ए' चं काय होत असेल. सकाळी करून बघितलं. मायएसक्यूएल म्हणतो '४१२/ए' बरोबर ४१२, खरं. सुरुवातीचे आकडे घेतो, बाकी सोडून देतो, वॉर्निंग देतो जी कुणी वाचत नाही.

दिवाणजींना विचारलं '/ए' चं बिल कधी होतं. म्हणाले, माल दोन खेपांत गेला की दुसऱ्या खेपेला तोच नंबर आणि पुढे ए. म्हणजे ४१२ ची पन्नास हजारांची पावती ४१२ लाही लागते आणि ४१२/ए लाही लागते. जमा दुप्पट, येणं कमी. त्यात भर म्हणजे ४१२/ए ची पावती टाकताना आकडी रकान्यात ४१२ एवढंच उरतं, कारण प्रोग्रॅम कनेक्शन उघडल्या उघडल्या एसक्यूएल मोड (डेटा किती काटेकोर तपासायचा ती सेटिंग) रिकामा करून टाकतो, नाहीतर मायएसक्यूएलने तिथल्या तिथे एरर दिली असती. कुणाला तरी एरर नको होती, त्याने एरर बंद केली, चूक तशीच ठेवली.

म्हणजे रिपोर्ट ज्यामुळे हळू होता त्याचमुळे चुकीचा पण होता. वही दुसऱ्या नंबरला टाकली होती, ती आज पहिल्याला आणली. दिवाणजींना हे सांगितलं तर त्यांनी काही बोलायच्या ऐवजी वही माझ्यासमोर सरकवली.

दुरुस्ती: पावत्यांच्या टेबलात बिल-आयडीचा नवा रकाना. पार्टी, वर्ष आणि नंबर जुळवून आपोआप भरला. जिथे एका पावतीला दोन बिलं लागू शकतात अशा १८६ पावत्या उरल्या. त्या क्वेरीने सुटणार नाहीत, वहीनेच सुटतील.

१६ डिसेंबर, सोमवार

१८६ संपल्या. रोज संध्याकाळी सहा ते आठ मी आणि दिवाणजी, ते वाचतात, मी भरतो. त्यांची खतावणी वाचणं हे शिक्षणच आहे. प्रत्येक नोंदीला कोपऱ्यात बारीक अक्षरात कोण पैसे घेऊन आलं, चेक की रोख, काय बोलणं झालं. एका पार्टीपुढे नुसतं "गोड बोलतो" लिहिलंय. डेटाबेसात हा रकाना कुठे टाकणार.

जॉईन, म्हणजे दोन टेबलांची जोडणी, आता आयडीवर. रिपोर्ट चार सेकंदांत. पण आकडा जुळवला तर वहीपासून आधीपेक्षा जास्त लांब गेला! आधी कॉम्प्युटर वहीपेक्षा सव्वा लाखाने कमी येणं दाखवत होता, आता पावणेचार लाखाने जास्त. घरी येताना आसरा चौकात मित्र भेटला, माझं तोंड बघून म्हणाला "काय करलालास बे, भूत बघितलास का?" भूतच म्हणायचं.

१८ डिसेंबर, बुधवार

सापडलं. दोन चुका एकमेकींच्या उलट्या दिशेला होत्या आणि एकमेकींना झाकत होत्या. एक काढली तर दुसरी उघडी पडली.

रिपोर्टात प्रत्येक बिलाचे डझनही दाखवायचेत, म्हणून बिलाला मालाच्या ओळी जोडल्यात आणि पावत्याही जोडल्यात, एकाच दमात. बिलात तीन ओळी आणि दोन पावत्या असतील तर जॉईनमधून सहा ओळी निघतात आणि प्रत्येक पावती तीनदा मोजली जाते. हे जुन्या प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं असणार, कारण त्याने बेरजेच्या आत 'डिस्टिंक्ट' (सारखी किंमत एकदाच धर) घातलंय. तिप्पट रक्कम परत एकपट. चाचणी केली असेल, जुळलं असेल, घरी गेला असेल.

पण डिस्टिंक्ट पावती ओळखत नाही, रक्कम ओळखतं. पंढरपूरची एक पार्टी दर आठवड्याला बरोब्बर पन्नास हजार पाठवते, मोठं बिल असलं की त्यावर चार-चार हप्ते. चार वेळचे पन्नास हजार डिस्टिंक्टला एकदाच दिसतात. दोन लाख आले, जमा पन्नास हजार. जे नियमाने पैसे देतात त्यांच्याच नावावर बाकी जास्त दिसत होती. दिवाणजी म्हणाले मागच्या वर्षी त्यांना फोनही गेला होता दुकानातून, आणि त्यांनी एक महिना माल बंद केला होता. कारण कुणाला कळलं नव्हतं.

आता पावत्यांची बेरीज आधी वेगळ्या सबक्वेरीत बिलाप्रमाणे करून घेतो, डझनांची वेगळी, मग दोन्ही बिलाला जोडतो. जॉईन करून मग बेरीज नाही, बेरीज करून मग जॉईन. डिस्टिंक्ट कुठे दिसलं की यापुढे आधी विचारायचं की हे काय झाकतंय.

मार्चमध्ये आकडा वहीशी जवळजवळ जुळला होता म्हणे आणि सगळे खूश झाले होते. दोन्ही चुका त्या महिन्यात सारख्या वजनाच्या पडल्या असणार.

२० डिसेंबर, शुक्रवार

फरक उरला सव्वा रुपया. मालक म्हणाले सव्वा रुपयाचा नारळ फोडा आणि सोडा. दिवाणजी सोडायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो.

रकमेचा रकाना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा) निघाला. त्यात साधारण सात अंकच धड राहतात, १२,३४,५६७.४५ लिहा आणि परत वाचा, १२,३४,५६७.५० येतं. इथे बिलं पैशासकट असतात, लाखांच्या रकमांत थोडे थोडे पैसे इकडेतिकडे सांडत गेले. पैशाला अचूक साठवणारा डेसिमल, दुसरं काही नाही. रकाना बदलायला घेतला, आल्टर चालू, आणि लाईट गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कधी मेली ते कुणाला माहीत नाही. मागांचा खडखडाट एकदम थांबला आणि त्या शांततेत माझ्या पोटात गोळा. वीस मिनिटांनी लाईट आली, सर्व्हर उठला, रिकव्हरी करत बसला आणि टेबल जसंच्या तसं, जुन्या रकान्यासकट. ८.० मध्ये आल्टर एक तर पूर्ण होतो नाहीतर झालाच नाही असा असतो, अर्धवट राहत नाही. दिवाळीत अपग्रेड करणाऱ्याला मनातून दहा दिवस शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या. बॅटरी नवी आणायला लावली, मग परत चालवला.

सांडलेले पैसे रकाना बदलून परत येत नाहीत, ते बिलाच्या ओळींवरून नव्याने मोजले. फरक शून्य. रिपोर्ट, तारखेचा नवा इंडेक्स टाकल्यावर, अर्ध्या सेकंदाच्या आत.

दिवाणजींनी बटण दाबलं आणि खुर्चीतून उठायला लागले, तोवर रिपोर्ट समोर. माझ्याकडे संशयाने बघून म्हणाले, "इतक्यात? सगळं मोजलं तरी का त्याने?"

२२ डिसेंबर, रविवार

काम नाही. मित्राच्या शेतात हुरडा. शेंगाचटणी, गूळ, दही, आणि कुणीही कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही अशी अट.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अण्णांची तक्रार. वसुलीचा पोरगा प्रिंट घेऊन पायी आणि गाडीवर फिरतो, आधी यादी पेठेप्रमाणे यायची, दिवाळीपासून कशीही येते, पोरगा चाटी गल्ली, मग अशोक चौक, मग परत मधला मारुती असा पळतोय. कोडमध्ये क्रम लावायची ओळ कधीच नव्हती. ५.७ पर्यंत ग्रुप बाय (गट पाडणं) केलं की निकाल आपोआप क्रमाने यायचा, ८.० ने ते बंद केलं. मागितलं नाही ते फुकटात मिळत होतं, एक दिवस मिळायचं थांबलं. क्रम लावणारं ऑर्डर बाय टाकलं, दोन मिनिटं.

पण मग पोरगा म्हणाला अ-आ-इ प्रमाणे पेठा लावून मला काय करायचंय, मला जायच्या रस्त्याप्रमाणे पाहिजे: टिळक चौक, मधला मारुती, कोंतम चौक असं. रास्त आहे. पेठांचं छोटं नवं टेबल केलं, क्रमाच्या आकड्यासकट. जॉईन केला तर दोन टेबलांचं कोलेशन (अक्षरं कशी ताडायची त्याचे नियम) वेगवेगळं. ८.० मध्ये नव्या टेबलाला जे कोलेशन आपोआप लागतं ते जुन्या टेबलांपेक्षा वेगळं. मी शहाणपणा करून जुनंही नव्यात बदललं, आणि चाळीसेक पार्ट्या यादीतून गायब. पेठेच्या नावापुढे स्पेस होती. जुनं कोलेशन शेवटची स्पेस मोजत नाही, नवं मोजतं. 'साखर पेठ' आणि 'साखर पेठ' पुढे स्पेस, ही आता दोन गावं. ट्रिम करून स्पेस काढल्या, आणि पार्टीला पेठेचं नाव न ठेवता पेठेचा आयडी दिला, जे पहिल्यापासून करायला पाहिजे होतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

दुपारी चार वाजता भरलेला टेम्पो फाटकात उभा. चादरींचे गठ्ठे बांधलेले, ड्रायव्हर तंबाखू मळतोय. विचारलं का थांबलाय, अण्णा म्हणाले बिल उद्या होणार. का? "महिन्याच्या शेवटच्या दिवशी बिल करायचं नसतं. कॉम्प्युटर खातो."

मला आधी वाटलं अमावस्येसारखं काहीतरी आहे. मग दिवाणजींनी दाखवलं. खूप जुनं, एका ऑगस्टच्या ३१ चं एक बिल, ऑगस्टच्या विक्री रजिस्टरात नाही, सप्टेंबरच्याही नाही. बिल आहे, माल गेलाय, रजिस्टरात कुठेच नाही. हे त्यांना फार वर्षांपूर्वी कळलं आणि त्यांनी नियम केला, आणि तेव्हापासून दर महिन्याला एक दिवस कारखान्यातून माल बाहेर जात नाही. नव्या पोराला रुजू होताना हे सांगतात म्हणे, चप्पल कुठे काढायची त्याच्याबरोबर.

क्वेरी बघितली. तारीख 'बिट्वीन' १ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट. रकान्यात तारखेसोबत वेळही आहे, आणि नुसतं ३१ ऑगस्ट म्हटलं की मायएसक्यूएल धरतो ३१ चे रात्रीचे बारा, म्हणजे दिवस सुरू होतो तो क्षण. सकाळी दहाचं बिल त्याच्या बाहेर. सप्टेंबर १ पासून सुरू, त्याच्याही बाहेर.

रकान्याला डेट फंक्शनमध्ये गुंडाळलं तर उत्तर बरोबर येतं पण मग नव्या इंडेक्सचा उपयोग गेला. त्यापेक्षा १ तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आत, बस. सगळ्या रिपोर्टात मिळून ही दुरुस्ती अकरा ठिकाणी केली. मालकांना सांगितलं, ते बराच वेळ फाटकाकडे बघत बसले, वर्षाचे बारा दिवस मनात गुणत असावेत.

टेम्पो मात्र उद्याच जाणार. अण्णा म्हणाले आज नको, आधी बघू.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

मालकांनी स्वतःहून एक यादी मागितली होती, डिसेंबरमध्ये एकदाही माल न नेलेल्या पार्ट्या. आधीच्या प्रोग्रॅममध्ये बटण आहेच, दाबलं, यादी कोरी. मालक खूश, "म्हणजे सगळ्यांनी नेला!" दिवाणजी चष्म्याच्या वरून माझ्याकडे.

'नॉट इन' (या यादीत नाही) आणि नल (रिकामी किंमत). रोखीच्या बिलाला पार्टी नसते, तिथे नल. आतल्या यादीत एक जरी नल असला तरी नॉट इन कुणालाच "नाही" असं ठामपणे म्हणू शकत नाही, कारण तो नल म्हणजे कोण ते ठरलेलं नाही, आणि निकाल कोरा. त्याऐवजी नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी ओळच नाही) केलं. २३१ पार्ट्या निघाल्या. मालकांचा चेहरा उतरला, पण दुपारपासून फोनाफोनी सुरू झाली.

१३ जानेवारी, सोमवार

जीएसटीआर-१, म्हणजे डिसेंबरच्या विक्रीचं जीएसटी विवरण, भरलं. मुदत ११ ची १३ झाली म्हणून दोन दिवस श्वास घेता आला. राज्याप्रमाणे बेरीज जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून काढली: २७ आपलं, २९ कर्नाटक, ३६ तेलंगण. टेरी टॉवेल ६३०२६० या मालाच्या कोडखाली. एका पार्टीचा नंबर चौदाच अक्षरांचा निघाला, असायला पाहिजेत पंधरा, लांबी तपासायची एक ओळ टाकली आणि असे अजून तीन सापडले. साडेअकराला फाईल गेली.

आज भोगी, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता. कारखान्यात कुणी थांबणार नव्हतं आणि मीही नाही. संमती कट्ट्याजवळ गर्दीत नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) वर दिसत होते, अण्णा पांढऱ्या बाराबंदीत ओळखूच आले नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल ३१ होती. लॉगमध्ये बघितलं, काल संध्याकाळपर्यंत सात बिलं झाली, पहिलं सकाळी ९:४० ला, अण्णांच्या लॉगिनने. जानेवारीच्या रजिस्टरात सातही आहेत.

दुपारी वहीशी ताडून बघायला बसलो. दिवाणजींनी सातही बिलं वहीत १ फेब्रुवारीला लिहिलीत, नव्या पानावर. विचारलं तर म्हणाले, एक-दोन महिने जाऊ देत.